कमी कॅलरीचा डाएट प्लॅन हाती आलाय? सुरू करण्याआधी तो असा तपासा

रोज कंगव्यात चार केस येतातच. त्या सकाळी मात्र मूठभर गुंतवळ निघालं, अंघोळीनंतर मोरीच्या जाळीवर तेवढंच आणखी साचलं आणि मी घाबरले. ९०० कॅलरींचा डाएट १० आठवडे पाळून, तो संपून मला तेव्हा दीड महिना झाला होता. वजन ९ किलोंनी उतरलं होतं आणि त्यातलं निम्मं परतही आलं होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी तेल-शाम्पूचं नावही काढलं नाही. "गेल्या तीन-चार महिन्यांत वजन झपाट्यानं उतरवलंत का?" एवढंच विचारलं. शरीराला मोठा ताण बसला की केसांची बरीचशी मुळं एकदम विश्रांतीत जातात आणि ते केस दोन-तीन महिन्यांनी गळतात, हे मला तेव्हा कळलं. केस पुढे भरून आले. पण तो प्लॅन हातात पडला त्याच दिवशी कुणीतरी मला कागद-पेन घेऊन अर्धा तास बसवायला हवं होतं, ही रुखरुख राहिली.

तो अर्धा तास कसा घालवायचा, तेच इथे लिहिते आहे. प्लॅन मैत्रिणीनं पाठवलेला असो, जिममधून मिळालेला असो, अॅपनं बनवलेला असो किंवा पैसे मोजून घेतलेला असो, चाळणी हीच लावा.

आधी बघा: हा प्लॅन तुमच्यासाठी आहे तरी का?

गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, वय १८ च्या आत असेल किंवा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १८.५ च्या खाली असेल, तर वजन उतरवण्यासाठी कॅलरी तोडणारा प्लॅन तुमच्यासाठी नाही. पुढचं वाचायचीही गरज नाही. पूर्वी कधी उपाशी राहण्याच्या किंवा भरमसाट खाऊन ओकून टाकण्याच्या चक्रातून गेला असाल, तर आकडे मोजायला लावणारा कुठलाही आहार ती जखम पुन्हा उघडू शकतो. अशा वेळी मानसिक आरोग्याच्या डॉक्टरांना सोबत घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. हृदयविकार, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, गाऊट (युरिक आम्ल साठून सांधे सुजणं), पित्ताशयातले खडे यांपैकी काही असेल किंवा वय ६५ च्या पुढे असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलायचं आणि मग ठरवायचं.

यापेक्षाही जास्त दुर्लक्ष होतं ते चालू औषधांकडे. मला विचाराल तर या सगळ्या तपासणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. मधुमेहासाठी घेतलेल्या इन्सुलिनचा किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्यांचा डोस तुमच्या नेहमीच्या जेवणाला धरून ठरवलेला असतो. जेवण निम्म्यावर आलं आणि डोस तसाच राहिला, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्या चालू असताना कर्बोदकं फारच कमी केली, तर रक्तात कीटोन आम्लं साठण्याचा धोका असतो. तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्यामुळे हे लक्षातही येत नाही. कमी खाण्याच्या पहिल्या काही दिवसांत शरीर मीठ आणि पाणी बाहेर टाकतं. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी अचानक पालेभाज्या दुप्पट केल्या, तर त्यातल्या व्हिटॅमिन के मुळे औषधाचा परिणाम बदलतो. लिथियम या मानसिक आजारावरच्या औषधाची रक्तातली पातळीही मीठ-पाण्याच्या फरकानं वर-खाली होते.

म्हणून एका कागदावर सगळ्या गोळ्यांची नावं आणि डोस लिहा, दुसऱ्या हातात प्लॅन घ्या आणि डॉक्टरांना दोन्ही दाखवा. डोस कमी करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. आपल्या मनानं गोळी बंद करू नका.

प्लॅन देणाऱ्याची परीक्षाही इथेच होते. त्यानं तुमची औषधं विचारली का? मासिक पाळी, जुने आजार, झोप, कामाच्या वेळा? मला फक्त उंची, वजन आणि "किती किलो कमी करायचंय" एवढंच विचारलं होतं.

आकडा स्वतःला लावून बघा

१२०० कॅलरी सुरक्षित की १०००, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण तो आकडा कुणाच्या शरीरातून वजा होतोय ते आधी ठरवावं लागतं. विश्रांतीतही शरीर किती कॅलरी खर्च करतं याचा अंदाज बांधायला मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं १९९० सालचं सूत्र आजही वापरतात:

वजन (किलो) × १० + उंची (सेंमी) × ६.२५ − वय × ५. आलेल्या उत्तरात पुरुषांनी ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे.

माझंच उदाहरण घेते. वजन ७४, उंची १६२, वय ३४. म्हणजे ७४० + १०१२.५ − १७० − १६१, बरोबर सुमारे १४२०. दिवसभर पडून राहिले तरी इतक्या कॅलरी लागणार. यावर हालचालीचा गुणक लावायचा: जवळजवळ दिवसभर बसून काम असेल तर १.२, थोडंफार चालणं-फिरणं असेल तर १.३७५, आठवड्यातले बरेच दिवस नीट व्यायाम असेल तर १.५५. माझा १.३७५ धरला तर दिवसाचा खर्च सुमारे १९५० कॅलरी.

आता प्लॅनचा आकडा यातून वजा करा. १९५० वजा ९०० म्हणजे १०५०. रोजच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त मी तोडत होते. साधारणपणे ५०० ते ७५० कॅलरींची रोजची तूट सुचवली जाते. प्रत्यक्षात बहुतेक स्त्रियांना १२०० ते १५०० आणि पुरुषांना १५०० ते १८०० कॅलरींच्या दरम्यानचा आहार दिला जातो. माझ्यासाठी १४५० च्या आसपासचा आकडा रास्त होता. ८०० च्या खालचा आहार ही वैद्यकीय उपचारपद्धती आहे, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवी. ८०० ते १२०० च्या मधल्या पट्ट्यातला प्लॅन असेल, तर तोही डॉक्टरांना कळवल्याशिवाय सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे.

एक गैरसमज मात्र दूर करते. विश्रांतीच्या आकड्यापेक्षा कमी खाल्लं की शरीर लगेच 'बंद पडतं' असं नाही. उरलेली गरज ते साठवलेल्या चरबीतून भागवतं, वजन उतरतं ते त्यामुळेच. पण आकडा जितका खाली, तितकी ताटात पोषणाला जागा कमी, आणि चरबीबरोबर स्नायू झिजण्याची शक्यता जास्त.

आश्वासन गणितात बसतं का?

माझ्या प्लॅनच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात होतं: १५ दिवसांत ७ किलो. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. ७ किलो चरबी म्हणजे ५३,९०० कॅलरी. १५ दिवसांनी भागलं तर रोज सुमारे ३६०० कॅलरींची तूट हवी. माझा दिवसाचा सगळा खर्चच १९५०. मी १५ दिवस पाण्यावर राहिले असते तरी ७ किलो चरबी जाणं शक्य नव्हतं.

मग पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो तो कसा? शरीरात ग्लायकोजेन नावाचा कर्बोदकांचा साठा असतो, मोठ्या माणसात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. त्याच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं तोडलं की हा साठा आधी संपतो आणि पाणी त्याच्याबरोबर जातं. दीड-दोन किलो असे सहज उतरतात आणि नीट जेवायला लागलं की तितक्याच सहज परत येतात. पहिल्या आठवड्याच्या फोटोंवर चालणाऱ्या जाहिराती या पाण्यावरच उभ्या असतात.

आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग धरून चला. ७७०० चं गणित दीर्घकाळ जसंच्या तसं चालत नाही, कारण वजन उतरतं तसा खर्चही घटतो. म्हणून वर्षभराचा सरळ उतरता आलेख काढून दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आठवड्याला दीड किलोच्या पुढे सातत्यानं वजन उतरत असेल, तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते.

ताटात काय उरलं ते मोजा

बहुतेकांची तपासणी कॅलरींच्या आकड्यापाशी थांबते. खरा दोष मात्र पुष्कळदा त्या कॅलरी कशातून येतात यात असतो, म्हणून इथे वेळ द्या. प्लॅनमधला एक दिवस निवडा, शक्य तर सर्वांत कडक, आणि प्रत्येक पदार्थापुढे प्रथिनांचे ग्रॅम लिहा. अंदाजासाठी: एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिली दुधात ६ ते ७, घट्ट शिजलेल्या १०० ग्रॅम कडधान्यात ८ ते ९. माझ्या प्लॅनची बेरीज आली ३८ ग्रॅम.

निरोगी माणसाला एरवी किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे मला ५९. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास हवीत, म्हणजे ८९. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा लागू नाही, तो डॉक्टर ठरवतील.) ८९ ग्रॅम प्रथिनं म्हणजे ३५६ कॅलरी. ९०० च्या दिवसात त्यांनीच ४० टक्के जागा व्यापली असती. उरलेल्या साडेपाचशेत धान्य, भाजी, फळं, तेल, दूध, सगळं कसं बसवणार? १४५० च्या दिवसात हीच प्रथिनं पाव हिश्श्यात मावतात. फार खालचा आकडा रोजच्या अन्नातून नीट पाळणं जवळजवळ अशक्य का होतं, ते या एका बेरजेत दिसतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या अशा आहारात जीवनसत्त्वं-खनिजं घातलेली तयार सूत्रं वापरतात ती याचसाठी.

प्रथिनांचा दर्जाही बघायचा. १९७० च्या दशकात अमेरिकेत द्रव प्रथिनांवर राहण्याची लाट आली होती. ती प्रथिनं कोलॅजेनची, म्हणजे आवश्यक अमिनो आम्लं (शरीराला स्वतः बनवता न येणारे प्रथिनांचे घटक) अपुरी असलेली होती. हृदयाचे ठोके बिघडून सुमारे ६० जणांचे मृत्यू नोंदले गेले. वजन उतरतंय म्हणजे शरीर ठीक आहे, असं समजणाऱ्यांनी ही घटना विसरू नये.

मग तेल-तुपाकडे वळा. 'शून्य फॅट' लिहिलं असेल तर तो दोष समजा. पोटात स्निग्ध पदार्थ गेले की पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त बाहेर पडतं. जेवणात ते नसले की पित्त साचून दाट होतं. दिवसातून निदान एका जेवणात ७ ते १० ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे तेलाएवढे, स्निग्ध पदार्थ असावेत. फायबर २५ ते ३० ग्रॅमपर्यंत पोचतं का तेही पाहा, नाहीतर बद्धकोष्ठता ठरलेली. शेवटी, कुठला गट सरसकट वगळलाय? सगळी धान्यं, सगळी फळं, दुधाचे सगळे पदार्थ? जे काढलं त्यातलं लोह, कॅल्शियम, बी-१२ कुठून भरून काढायचं हे प्लॅननं सांगितलेलं असलं पाहिजे.

प्लॅनसोबत पावडर, चहा, कॅप्सूल घ्यायला सांगितल्या असतील, तर प्रत्येकीचे घटक वाचा. रेचक किंवा लघवी वाढवणारं काही असेल, तर त्यानं पाणी आणि पोटॅशियम जातं, चरबी जात नाही. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून काढलं गेलं. पण 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत ते लपवून घातलेलं त्यानंतरही वेळोवेळी सापडलं आहे. वेष्टनावर पूर्ण घटक नसतील तर ती वस्तू घेऊच नका.

टिकेल का?

इथे गणित थोडं बाजूला ठेवा आणि पुढच्या १४ दिवसांचं कॅलेंडर काढा. त्यात खरे दिवस भरा: उशिरापर्यंत काम असलेले, प्रवासाचे, बाहेर जेवायचे, घरी पाहुणे येण्याचे, मुलाच्या परीक्षेचे. आता प्लॅनमधलं प्रत्येक जेवण त्या-त्या दिवशी खरोखर जमेल का, ते बरोबर-फुलीनं नोंदवा. माझ्या ४२ जेवणांपैकी १७ वर फुली आली असती, कारण स्वतःसाठी वेगळं शिजवायचं, मोजून घ्यायचं आणि तेही घड्याळाच्या काट्यावर.

फुल्या येणारच. त्या दिवशी काय करायचं याबद्दल प्लॅन काय म्हणतो ते बघा. 'चुकलात तर दुसऱ्या दिवशी फक्त पाणी' किंवा 'पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू करा' असं लिहिलं असेल, तर तो प्लॅन उपासमार आणि अनावर खाणं यांच्या झोक्यावर बसवणार. 'पुढचं जेवण नेहमीसारखं घ्या' असं सांगणारा प्लॅन माणसं ओळखतो.

त्यानंतर साधे तीन दिवस तो पाळून बघा, त्यात एक दिवस कामाचा आणि एक सुट्टीचा असू द्या. जेवणापूर्वी भूक लागणं ठीकच. पण दुपारी चारला हातातलं काम सोडून डोक्यात फक्त अन्न येतं का, चिडचिड होते का, रात्री भुकेनं जाग येते का, हे लिहून ठेवा. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. युद्धामुळे उपासमार झालेल्यांना परत कसं खाऊ घालावं हे त्यांना शोधायचं होतं. त्या तरुणांना रोज सुमारे १५७० कॅलरी मिळत होत्या. ते मुळात सडपातळ होते आणि आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालत होते, म्हणून त्यांची आपली थेट तुलना होणार नाही. पण त्यांचं जे झालं ते ओळखीचं वाटतं: सतत थंडी वाजायची, उदास वाटायचं, बोलणं अन्नावरच यायचं, काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. भुकेनं मन असं व्यापणं हा शरीराचा प्रतिसाद आहे. त्याला इच्छाशक्ती कमी पडली असं म्हणून स्वतःला कोसू नका.

आणखी एक प्रश्न विचारा: शेवटच्या आठवड्याच्या पुढचं पान कुठे आहे? ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष आले. टाइप २ मधुमेह असलेल्यांना ३ ते ५ महिने रोज साधारण ८२५ ते ८५३ कॅलरींचा तयार आहार दिला होता, आणि वर्षानंतर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता. म्हणजे ९०० च्या खालचा आकडा मुळातच वाईट असं म्हणता येत नाही. पण तिथे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी देखरेखीखाली थांबवल्या होत्या, २ ते ८ आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं नेहमीचं अन्न परत आणलं होतं आणि पुढेही नियमित भेटी चालू होत्या. माझ्या प्लॅनमध्ये दहाव्या आठवड्यानंतर कोरा कागद होता.

सुरू केल्यावर काय बघत राहायचं

प्लॅन या सगळ्यातून पार पडला तर सुरू करा. वजन रोज करा किंवा आठवड्यातून एकदा, पण निर्णय आठवड्याच्या सरासरीवर घ्या. कंबरेचं माप महिन्यातून दोनदा. स्नायूंसाठी एक सोपी चाचणी आहे: खुर्चीत बसा, हात छातीवर घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. महिन्यानं पुन्हा मोजा. वजन उतरतंय आणि हा आकडाही उतरतोय, तर प्रथिनं किंवा व्यायाम कमी पडतोय. आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम हवाच, नुसतं चालणं पुरत नाही.

बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं, धडधड न थांबणं, बोलताना गोंधळ उडणं, उजवीकडे बरगडीखाली जोराची कळ येऊन उलट्या किंवा ताप येणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेहाच्या औषधांवर असताना साखर ७० च्या खाली गेली तर आधी लगेच गोड काहीतरी खा, मग डॉक्टरांना फोन करा. पाळी चुकणं, सतत थंडी वाजणं, केस गळणं, पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजणं, उभं राहताना रोज चक्कर येणं, यासाठी त्याच आठवड्यात भेट घ्या. चोरून खाणं किंवा एका बैठकीत अनावर खाणं सुरू झालं तर तेही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे, लाजू नका.

बाहेर पडताना

अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता आणि एक सोडून बाकी सर्वांचं वजन काही ना काही परत वाढलं होतं. वजन उतरल्यावर जुन्या भुकेनं जुनंच जेवण घेतलं तर ते नव्या शरीराला जास्तच होतं, हे आधीच धरून चालावं लागतं.

म्हणून प्लॅन संपला की नेहमीचं जेवण एका रात्रीत परत आणू नका. दर आठवड्याला रोजच्या आहारात १०० ते २०० कॅलरी वाढवा, आधी कडधान्यं, धान्य, फळं यांतून, आणि वजन कुठे स्थिरावतं ते बघा. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एका नोंदवहीत निदान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवणाऱ्यांच्या सवयी नोंदवल्या आहेत. त्यांतले बहुतेक लोक रोज भरपूर हालचाल करतात, नियमित वजन करतात आणि सुट्टीच्या दिवशीही फारसं वेगळं खात नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांत एक-दोन किलो वाढलेले दिसतील. तो ग्लायकोजेनचा साठा आणि त्याबरोबरचं पाणी परत येतंय. ते बघून घाबरून पुन्हा ९०० वर जाऊ नका, मी गेले होते. तिसऱ्या आठवड्याच्या सरासरीनंतरही काटा चढताच राहिला, तर रोजचे १०० कॅलरी कमी करा आणि पुढचे दोन आठवडे थांबून बघा.